घरची विद्या, लेकीचं नाव

हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल. भाकरी थापता थापता ऐका, शेंगा फोडता फोडता ऐका.

गटाच्या बैठकांसाठी आम्ही गावोगाव जातो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धंदा घरचा असतो, राबणारे हात बाईचे असतात आणि पाटीवर नाव तिचं नसतं. कुंभाराच्या घरी माती चाळायची, मळायची, मडकी उन्हात मांडायची, रंगवायची ही कामं बाईकडे असतात. चाकावर मात्र गडी बसतो. विणकराच्या घरी सूत उकलणं, कांड्या भरणं बाईकडे आणि माग पुरुषाकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली. कुणी भांडून केलेली ही वाटणी नाही. "आपल्यात असंच असतं" एवढ्यावरच ती उभी असते.

आज आम्ही ज्या बाईबद्दल सांगणार आहोत, तिच्या घरचा धंदा मातीचाही नाही आणि सुताचाही नाही. तिच्या घरचा धंदा संगीताचा. तिथंही वाटणी अशीच होती: बाईने गायचं, वाद्य पुरुषाने वाजवायचं. या घरातल्या एका लेकीने ते वाद्य हातात घेतलं आणि पुढं स्वतःच्या नावाचा गाण्यांचा अल्बम काढला. तिचं नाव सोना जोबार्तेह. सोना हे नाव ऐकून ती आपल्याच गावची वाटेल, पण तिचं घराणं आफ्रिकेतलं आहे.

देश कुठला, लोक कसले

आफ्रिका खंडाच्या पश्चिम टोकाला गाम्बिया नावाचा एक चिमुकला देश आहे. आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडासाच मोठा. गाम्बिया नावाचीच नदी आणि तिच्या दोन्ही काठांची पट्टी, एवढाच हा देश. तीन बाजूंनी सेनेगल आणि चौथ्या बाजूला समुद्र. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी तो इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. तिथलं मुख्य नगदी पीक भुईमूग. भाताची खाचरं मात्र पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातची. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तिथल्या बायकाही भिशी लावतात. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी ठरलेली रक्कम जमा करायची आणि पाळीपाळीने एकेकीने उचलायची. तिकडे या भिशीला 'ओसुसू' म्हणतात.

या भागात मांदिंका लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यात एक वेगळा समाज आहे. त्यांच्या भाषेत या लोकांना 'जाली' म्हणतात, बाहेरच्या जगात 'ग्रियो' हे नाव रुळलं आहे. जालींचं काम काय? लोकांची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, राजांच्या आणि लढायांच्या कथा गायच्या, लग्नात आणि बारशाला घराण्याची थोरवी सांगायची, दोन घरांत भांडण झालं तर मध्ये पडून समेट घडवायचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या मैत्रिणींनी हेळवी पाहिले असतील. दारात येऊन ते आपल्या खापरपणजोबांपर्यंतची नावं सांगतात. त्यांच्याकडे चोपड्या असतात, जालींकडे सगळं डोक्यात. रात्र जागवून कथा लावणारे आपले गोंधळी आणि पोवाडा गाणारे शाहीर यांची कामंही त्यात मिसळा. म्हणजे जाली कोण, याचा अंदाज येईल.

तेराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेत माली नावाचं मोठं साम्राज्य उभं राहिलं. सुंजाता केता हा त्याचा संस्थापक राजा. त्याची कथा आज जगाला ठाऊक आहे, ती या लोकांनी तोंडातून तोंडात जपली म्हणून. वाचता-लिहिता येण्याशी विद्येचा काही संबंध नसतो, हे आपल्या ओव्या येणाऱ्या आज्यांकडे बघून आपल्याला ठाऊक आहेच.

जाली जन्माने होतो. कुयाते, सिसोको, सुसो, कोंते ही जाली घराण्यांची आडनावं. जोबार्तेह हे त्यातलंच एक. माली देशात याच आडनावाचा उच्चार दियाबाते असा होतो. घराणं मुळात एकच.

एकवीस तारांचा भोपळा

आता ते वाद्य. त्याचं नाव कोरा. मोठ्या परातीएवढा वाळलेला भोपळा मधोमध कापतात. त्याच्या अर्ध्या भागावर गाईचं कातडं ओलं असताना ताणून बसवतात आणि वाळू देतात. त्यातून एक लांब लाकडी दांडा आरपार जातो. दांड्यापासून खालपर्यंत एकवीस तारा. पूर्वी हरणाच्या कातड्याच्या बारीक पट्ट्या पिळून तारा करत, आता मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या करतात.

भोपळ्याचं वाद्य आपल्याला नवं नाही. मिरजेत सतार आणि तंबोरा बनवतात तो भोपळ्याचाच. त्यासाठीचा भोपळा पंढरपूरच्या बाजूला पिकतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे त्या भोपळ्याचा आणि आपल्या भोपळ्याचा गुण एकच: आतून पोकळ, म्हणून आवाज घुमवतो.

कोरा वाजवणारा माणूस वाद्य पोटाशी घेऊन बसतो, तारांची बाजू स्वतःकडे करून. तारा दोन रांगांत असतात, अकरा डाव्या हाताला आणि दहा उजव्या. दोन दांड्या मुठीत धरायच्या आणि तारा छेडायच्या त्या फक्त दोन अंगठ्यांनी आणि अंगठ्याजवळच्या दोन बोटांनी. चार बोटं, एकवीस तारा. अंगठ्यांनी खालचा ठेका चालू राहतो, तो थांबत नाही. जात्याची घरघर चालू असते आणि तिच्यावर ओवी येत राहते, तसं. वरच्या दोन बोटांनी मधूनमधून नक्षी काढायची. त्यावर पुन्हा तोंडाने गायचं. एकाच माणसाने तीन कामं एका वेळी करायची. आपण एका हाताने पोर सांभाळून दुसऱ्या हाताने फोडणी देतो, तेव्हा असंच काहीतरी करत असतो, फक्त त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

बायका काय करत होत्या?

जाली घराण्यातल्या बायका गप्प बसलेल्या नव्हत्या, हे आधी नीट लक्षात घेऊ. त्या गातात. जाली बाईच्या गळ्याला तिथं मोठा मान आहे. लग्नकार्यात तिच्याशिवाय रंगत नाही आणि लोक तिच्यावर पैसे ओवाळतात. तिच्या हातात लोखंडाची एक छोटी नळी असते, ती वाजवून ती ताल धरते. तेव्हा बाईला कलेतून हाकललं होतं, असं सांगितलं तर ते खरं होणार नाही.

पण कोरा मात्र बाप मुलाला शिकवणार, काका पुतण्याला शिकवणार. त्याचं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. रिवाजच तसा होता. आणि रिवाज टिकतो कसा? शिकायला वेळ लागतो म्हणून. कोरा रोज तासन्‌तास घेऊन बसल्याशिवाय येत नाही. ज्या मुलीला पाणी भरायचं आहे, धाकट्या भावाला कडेवर घ्यायचं आहे, तिला तो वेळ कोण देणार? आम्हाला वाटतं, बंदी घालायची गरजच पडत नाही. कामं लावून दिली की पुरे.

शेतीवाडीत लेकींना हक्क मिळावा म्हणून कायदा झाला. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा दिला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसाच कायदा आला. जमिनीचा सातबारा निघतो, त्यावर नाव चढवायला अर्ज करता येतो. हातातल्या विद्येचा सातबारा नसतो. ती कुणाच्या नावावर करायची, हे शिकवणारा ठरवतो. म्हणून विद्येच्या वाटणीत लेकीला डावललं तर तक्रार करायला तलाठ्याचं ऑफिससुद्धा नसतं.

सोनाला कुणी शिकवलं?

सोनाचा जन्म १९८३ साली लंडनचा. आजोबा अमादू बनसांग जोबार्तेह हे गाम्बियातले नामांकित कोरावादक. वडील संजाली जोबार्तेह हेही कोरावादक. सोना लहान असतानाच तिचा मोठा भाऊ तुंदे जेगेदे याने तिच्या हातात कोरा दिला. या भावाने स्वतः आजोबांकडे, अमादू बनसांग यांच्याकडे धडे घेतले होते. म्हणजे विद्या आजोबांकडून भावाकडे आली आणि भावाने ती बहिणीला दिली. मोठी झाल्यावर सोनाने वडिलांकडे रीतसर शिक्षण घेतलं.

इथं थोडं थांबू. सोनाची जिद्द मोठी आहे यात शंका नाही. पण घरातल्या भावाने आणि बापाने शिकवायचं ठरवलं, हेही तितकंच मोठं. बाहेर दहा जणांनी 'पोरीने कोरा कशाला' म्हटलं, तरी शिकवणारा घरात असला की वाट निघते. आपल्या गटातल्या बायकांचाही हाच अनुभव आहे. नवऱ्याने, दिराने किंवा सासूने एकदा 'शिक' म्हटलं की अर्धं काम झालं.

सोनाने लंडनमध्ये पाश्चात्त्य संगीताचंही शिक्षण घेतलं. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक या नावाजलेल्या संस्थेत ती चेलो आणि पियानो शिकली, पर्सेल स्कूलमध्ये संगीतरचना शिकली. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, पण उभं धरून बसून वाजवायचं मोठं वाद्य. २०१० साली 'मदरलँड' या आफ्रिकेवरच्या माहितीपटाला तिने संगीत दिलं. म्हणजे दोन्ही घरचं तिने पोटभर खाल्लं. आणि मग स्वतःची चूल मांडताना तिने आजोबांचा भोपळा पुढं ठेवला. ग्रियो घराण्यातून आलेली आणि कोरा हाच व्यवसाय करणारी पहिली स्त्री, अशी तिची ओळख आज जगभर सांगितली जाते.

अल्बम म्हणजे काय, सोलो म्हणजे काय?

अल्बम म्हटलं की आपल्याला लग्नाच्या फोटोंचा अल्बम आठवतो. गाण्यांच्या अल्बमला ते नाव तिथूनच पडलं. पूर्वीच्या काळ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीनेक मिनिटांचं एकच गाणं मावायचं. मग चार-सहा तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायला लागले. तबकडी गेली, कॅसेट आली, सीडी आली, आता गाणी मोबाइलवर येतात. पण एका माणसाने किंवा एका संचाने विचार करून एकत्र गुंफलेली आठ-दहा गाणी, हा अल्बमचा अर्थ कायम राहिला.

अल्बम तयार कसा होतो? आधी गाणी निवडायची. मग ध्वनिमुद्रण. आजच्या पद्धतीत सगळ्यांनी एकदम वाजवायची गरज नसते. कोरा आधी वाजवून साठवायचा, तो कानाला लावून त्यावर गिटार वाजवायची, मग ताल, मग गळा. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्टीवर राहतो. गोधडी शिवताना आपण एकावर एक थर घालतो, तसंच. मग कुठला आवाज पुढं ठेवायचा, कुठला मागं, हे बसून ठरवतात. त्याला मिक्सिंग म्हणतात. मसाल्यात लवंग किती आणि धणे किती, यावर जसा मसाला बनतो किंवा बिघडतो, तसं या कामावर गाणं बनतं किंवा बिघडतं. शेवटी सगळी गाणी एका पातळीला आणतात, म्हणजे एक गाणं किंचाळतंय आणि दुसरं पुटपुटतंय असं होत नाही. मग गाण्यांचा क्रम, मुखपृष्ठ, नाव, आणि कुणी काय केलं त्याची यादी.

'सोलो' म्हणजे एकट्याचा किंवा एकटीचा. याच्या दोन तऱ्हा असतात आणि सोनाच्या घराण्यात दोन्ही सापडतात.

पहिली तऱ्हा तिच्या नात्यातल्या भावाची. तुमानी दियाबाते, मालीचा जगप्रसिद्ध कोरावादक. २०२४ साली तो गेला. त्याचे वडील सिदिकी दियाबाते हेही मोठे कोरावादक. १९७० साली त्यांचा आणि त्यांच्या साथीदारांचा निव्वळ कोरावादनाचा अल्बम आला होता. ते अनेकांचं मिळून काम होतं. पुढं तुमानीने बाविसाव्या वर्षाच्या सुमारास लंडनमध्ये 'कैरा' हा अल्बम केला, तो १९८८ साली बाहेर आला. त्यात गाणं नाही, दुसरं वाद्य नाही, थरावर थर नाही. एक माणूस आणि एक कोरा, एका बैठकीत वाजवलेला. ऐकणाऱ्याला तिघे जण वाजवताहेत असं वाटतं. हा अगदी शब्दशः सोलो.

दुसरी तऱ्हा सोनाची. २०११ साली तिचा 'फासिया' हा अल्बम आला. मांदिंका भाषेत फासिया म्हणजे वारसा. इथं कोराही तिचा आणि गळाही तिचा. म्हणजे घराण्यात बाईच्या वाट्याला आलेलं गाणं आणि पुरुषाच्या वाट्याला आलेलं वाद्य, दोन्ही एकाच बाईकडे आलं. बाकी वाद्यांची साथ आहे. गाणी मांदिंका भाषेतली आहेत. लंडनमध्ये वाढलेल्या मुलीला इंग्रजीत गाणं सोपं होतं आणि गिऱ्हाईकही जास्त मिळालं असतं. तिने आजोबांची भाषा घेतली.

यात 'जराबी' नावाची एक जुनी चाल आहे. जराबी म्हणजे जिवलग. ही चाल कुणा एकाची नाही, घराण्याघराण्यांत चालत आलेली आहे. तुमानीच्या 'कैरा'मध्येही ती आहे आणि सोनाच्या 'फासिया'मध्येही आहे. दोन्ही ऐकल्या तर एकाच आईच्या हातची पुरणपोळी दोन लेकींनी केल्यावर जसा फरक पडतो, तसा फरक कळतो. पुरण तेच, हात वेगळा. 'सोलो' या शब्दाचा खरा अर्थ आम्हाला इथं सापडतो. सोलो म्हणजे कुणाचीच मदत न घेणं असा अर्थ नाही. निवड माझी, हात माझा, चुकलं तर बोल माझ्याकडे आणि जमलं तर नाव माझं. जबाबदारी आणि नाव एकाच खात्यावर जमा होणं, हा तो अर्थ.

भाऊबंदकी आणि आईची माया

आता आपल्यापैकी कुणी विचारेल, घराण्याची विद्या घेऊन स्वतःच्या नावाचा झेंडा लावला तर घरचे काय म्हणतील? आपल्याकडे तर हमखास म्हणतात, "वेगळी निघाली, शिंगं फुटली."

मांदिंका लोकांनी या प्रश्नाचा फार खोल विचार केला आहे. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. एक 'फादिन्या' आणि दुसरा 'बादिन्या'. फा म्हणजे बाप. आणि बा म्हणजे आई. आपल्याकडे बा म्हणजे बाप, तिकडे नेमकं उलट. दिन म्हणजे लेकरू. तिथं एका घरात एका बापाच्या दोन-तीन बायका असण्याची रीत. एका बापाची पण वेगवेगळ्या आयांची लेकरं एकमेकांशी चढाओढ करतात, बापापेक्षा आणि भावांपेक्षा मोठं नाव कमवायला धडपडतात. ही फादिन्या. आपली भाऊबंदकी म्हणा ना. एका आईची लेकरं मात्र एकमेकांना धरून असतात, घासातला घास देतात. ही बादिन्या.

आपण भाऊबंदकीला वाईटच म्हणतो. त्यांच्याकडे तसं नाही. फादिन्या नसेल तर कुणी घराबाहेर पडणार नाही, नवं काही करणार नाही, पराक्रम होणार नाही. आणि बादिन्या नसेल तर घर राहणार नाही. दोन्ही लागतात. माणसाने फादिन्याच्या जोरावर बाहेर पडावं, नाव कमवावं आणि ते बादिन्याच्या घरी आणून ठेवावं, अशी ती समज आहे.

सोनाचा पुढचा अल्बम तब्बल अकरा वर्षांनी, २०२२ साली आला. त्याचं नाव तिने ठेवलं 'बादिन्या कुमो', म्हणजे नात्यागोत्याचे बोल. आधीच्या अल्बमचं नाव वारसा, याचं नाव नातं. या अल्बममध्ये सेनेगलचा मोठा गायक युसू न्दूर आहे, मालीचा कोरावादक बालाके सिसोको आहे. तोही जाली घराण्यातलाच. नाव तिचंच, पण पंगत मोठी. कार्यक्रमांत तिचा मुलगा सिदिकी तिच्या शेजारी बालाफोन वाजवतो. बालाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांचं आणि खाली छोटे भोपळे बांधलेलं वाद्य. आई कोरा वाजवते आणि लेक साथ करतो, हे चित्र त्या घराण्यात पूर्वी नव्हतं.

आणि मधल्या अकरा वर्षांत ती काय करत होती? जगभर कार्यक्रम तर केलेच. पण २०१५ साली तिने गाम्बियात एक शाळा सुरू केली, गाम्बिया अकॅडमी. तिथं नेहमीचे शाळेचे विषय शिकवतात आणि त्याच्या बरोबरीने कोरा, बालाफोन, नाच, आपला इतिहास हेही शिकवतात. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या शाळेत आपलं संगीत हा विषयच नव्हता, तो इथं वर्गात आला. आणि मुलीही कोरा शिकतात. एकीने वाट काढली आणि ती वाट मागून येणाऱ्या मुलींसाठी रुंद करून ठेवली. एकटीने नाव कमवून गप्प बसली असती तर ती अपवाद म्हणून राहिली असती. शाळेमुळे त्याचा पायंडा पडला.

आपल्या घरात काय आहे?

मैत्रिणींनो, एवढी लांबची गोष्ट सांगितली ती घरच्यासाठीच. आपल्या घरी कोरा नाही, पण जात्यावरची ओवी आहे. हेमा रैरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी त्यांच्या सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. तिथं ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ओवी कुणा एकीची नाही, ती सगळ्यांची. पण त्या दिवशी ती ज्या गळ्यातून आली, त्या बाईचं नाव लिहिलं गेलं. सोनाच्या 'जराबी'सारखंच हे.

म्हणून एक कामाची माहिती देतो. आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. १९९४ साली त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचा हक्क वेगळा मान्य झाला. जुनी ओवी किंवा जुनी चाल सगळ्यांची असली, तरी तुम्ही ती गायलात तर ते गाणं तुमच्या परवानगीशिवाय मुद्रित करून विकता येत नाही. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मोबदल्याच्या बाजूही बळकट झाल्या. तेव्हा गावात कुणी मोबाइल किंवा कॅमेरा घेऊन आलं आणि "आजी, एक ओवी म्हणा" म्हणालं, तर जरूर म्हणा. पण आधी चार गोष्टी विचारा. हे कशासाठी नेताय? कुठं दाखवणार? माझं आणि गावाचं नाव येणार का? यातून पैसे मिळाले तर त्यात माझा वाटा काय? उत्तर तोंडी मिळालं तर गटातल्या लिहिणाऱ्या मुलीकडून कागदावर उतरवून घ्या, खाली सही आणि तारीख घ्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. पाहुण्याचा मान ठेवूनही हे विचारता येतं.

गाण्याचं आहे तेच धंद्याचं आहे. गटातल्या प्रत्येकीने स्वतःला हे विचारून बघावं: मला घरातून कुठली विद्या मिळाली? सासूकडून मसाला, आईकडून गोधडी, आजीकडून बाळंतिणीचे लाडू, वडिलांकडून बी निवडायची नजर. ती कुणी शिकवली? त्यातलं कुठलं काम 'बायकांचं नाही' म्हणून माझ्या हातात दिलं नाही? आज मी करते त्या मालाच्या पाकिटावर कुणाचं नाव आहे? उद्यम नोंदणी कुणाच्या नावावर आहे, अन्नपरवाना कुणाच्या नावावर आहे, पैसे कुणाच्या खात्यात येतात? नाव नवऱ्याचं असलं तर लगेच घरात भांडण काढा असं आम्ही म्हणत नाही. पण कुठं काय आहे हे आपल्याला ठाऊक असावं. आणि पुढची नोंदणी करताना अर्जावर आपलं नाव घालायला सांगावं. ही फादिन्या झाली.

आणि बादिन्या? आपल्याला येणारी एक तरी गोष्ट यंदा कुणाला तरी रीतसर शिकवायची. लेकीला, सुनेला, शेजारच्या मुलीला. "बघून बघून येईल" म्हणून सोडायचं नाही, बसवून शिकवायचं, आणि शिकत असेल तेवढा वेळ तिच्या वाटणीचं पाणी दुसऱ्या कुणी भरायचं. घरात मुलगा असेल तर त्यानेच भरावं. सोनाच्या भावाने बहिणीला कोरा दिला, आपल्या मुलाने बहिणीला तासभर मोकळीक दिली तरी पुष्कळ आहे.

पुढच्या बैठकीत हप्ते आणि हजेरी झाली की पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीने आपली विद्या आणि ती शिकवणाऱ्या माणसाचं नाव सांगायचं, सचिवाने ते इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं. आणि जमलं तर एखादीच्या मोबाइलवर 'सोना जोबार्तेह कोरा' असं बोलून शोधा आणि सगळ्यांनी मिळून एक गाणं ऐका. भाषा कळणार नाही. अंगठ्यांचा तो खालचा ठेका मात्र ओळखीचा वाटेल. जात्याशी बसलेल्या बाईला तो लगेच कळतो.

तुमच्या वहीत काय काय नावं आली, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.